न दुखणारा पाय

बत्तीस वर्षं मी माध्यमिक शाळेत इतिहास शिकवला. सनावळ्या, तह, लढाया, सगळं तोंडपाठ. पण ज्या इतिहासाच्या जोरावर मी आज दोन पायांवर उभा आहे, तो कुठल्याच क्रमिक पुस्तकात नव्हता. तो मला एकसष्टाव्या वर्षी कळला, एका हॉस्पिटलच्या प्लास्टर रूममध्ये, प्लास्टर लावणाऱ्या मामांकडून.

गोष्ट २०११ च्या चैत्रातली. आम्ही उभयता जोतिबाच्या डोंगरावर गेलो होतो. दुपारचे बारा वाजून गेलेले, देवळाच्या आवारातली फरशी तव्यासारखी तापलेली. माणसं उड्या मारत सावली गाठत होती. आमच्या सौ. ओरडल्या, "अहो, पळा की, चटके बसतायत!" मी मात्र हात मागे बांधून सावकाश चालत होतो. मला काहीच होत नव्हतं. खरं सांगतो, त्या वेळी थोडा अभिमानच वाटला. लहानपणी अनवाणी शाळेत गेलेले पाय आहेत हे, असे तसे आहेत काय!

संध्याकाळी डाव्या अंगठ्याच्या मागे, तळव्यावर, रुपयाएवढा फोड दिसला. दुखत नव्हता. हळद लावली आणि विसरलो. मधुमेह चौदा वर्षांचा, गोळ्या चालू, गोडावर ताबा 'बऱ्यापैकी'. दुखत नाही म्हणजे बरं आहे, हे गणित आपल्यात इतकं मुरलेलं असतं, की त्याच पायानं मी आणखी पाच आठवडे बाजारहाट केला, दोन लग्नं गाठली. मग एक दिवस मोजा ओला लागला, आणि वास आला.

एक्स-रेमध्ये अंगठ्यामागचं हाड कुरतडल्यासारखं दिसत होतं. ऑस्टिओमायलायटिस, म्हणजे हाडात शिरलेला पू. पहिल्या डॉक्टरांनी सरळ सांगितलं, "गुडघ्याखालून काढून टाकू, जीव वाचेल." त्यांनी असे पाय पुष्कळ पाहिले असतील, मी त्यांना दोष देत नाही. पण आमचा मुलगा ऐकेना. तो मला दुसऱ्या शहरात, दुसऱ्या सर्जनकडे घेऊन गेला.

या डॉक्टरांनी आधी जखम पाहिलीच नाही. खिशातून पेनासारखी एक दांडी काढली. तिच्या टोकाला नायलॉनचा एक केस. म्हणाले, "डोळे मिटा. तळव्याला लागलं की 'हो' म्हणा." मी डोळे मिटून बसलो. बराच वेळ झाला तरी ते सुरूच करेनात. शेवटी मीच विचारलं, "डॉक्टर, करताय ना सुरू?" ते म्हणाले, "सर, दोन्ही पाय तपासून झाले."

आयुष्यात मला अनेक वेळा भीती वाटली आहे. पण त्या वाक्यानं वाटली तशी कधीच नाही. माझे पाय माझ्याजवळ होते, पण ते मला काही सांगत नव्हते, आणि किती वर्षांपासून सांगत नव्हते, देव जाणे.

पहिलं ऑपरेशन झालं. मेलेलं हाड तेवढंच काढलं, बाकीचं ठेवलं. सहा आठवडे शिरेतून अँटिबायोटिक. नंतर पाय घोट्याच्या वरपर्यंत प्लास्टरमध्ये. हे प्लास्टर मोडलेल्या हाडाच्या प्लास्टरसारखं नसतं. ते तळव्याला अगदी चिकटून, खळगा न् खळगा भरून बसवतात, म्हणजे अंगाचा भार एका जागी न पडता साऱ्या तळव्यावर आणि पोटरीवर वाटला जातो. ते लावायला मामा होते. निवृत्तीला आलेले, कमी बोलणारे. ओल्या प्लास्टरवरून त्यांचा हात असा फिरायचा, जणू कुंभार मडकं घडवतोय. एकदा मी कौतुकानं विचारलं, "मामा, ही कला शिकलात कुठं?"

"महारोग्यांच्या दवाखान्यात, सर. बावीस वर्षं होतो तिथं. हे सगळं त्यांच्याच पायांवर शिकलो आम्ही."

सांगायला लाज वाटते, पण मी पाय किंचित मागे घेतला. मामांनी ते पाहिलं असणार. "पाय सैल सोडा, सर," एवढंच म्हणाले आणि हात फिरवत राहिले.

माझं बालपण मिरजेत गेलं. स्टेशनाबाहेर लाकडी गाड्यांवर बसलेली, हातापायांना चिंध्या गुंडाळलेली माणसं आम्ही रोज बघायचो. आई लांबूनच पैसा टाकायची आणि मला पदराआड ओढायची. त्यांची बोटं रात्री झोपेत झडून पडतात, असं आम्ही पोरं एकमेकांना सांगायचो. पुढे शिक्षक झाल्यावर दर वर्षी मी वर्गात सेवाग्रामचा प्रसंग रंगवून सांगत असे: कुष्ठरोग झालेले संस्कृत पंडित परचुरेशास्त्री आश्रमात आले, गांधीजींनी त्यांना ठेवून घेतलं, स्वतःच्या हातानं त्यांचं अंग चोळलं. मुलं भारावून जायची. पण त्या तासाला मी शिकवायचो ते गांधीजींचं मोठेपण. शास्त्रीबुवांना नेमकं काय होत होतं, त्यांचे पाय का चिघळत असतील, हा प्रश्न मला एकाही वर्षी पडला नाही. बोटं झडतात, ही मिरजेच्या स्टेशनावरची समजूत मी एकसष्ट वर्षं तशीच बाळगली होती.

प्लास्टरमध्ये चार-पाच महिने काढायचे म्हणजे वेळच वेळ. मुलाला सांगून पुस्तकं मागवली आणि वाचू लागलो.

कुष्ठरोगाचा जंतू नॉर्वेच्या आर्मावर हॅन्सन यांना १८७३ साली दिसला. पण जंतू कळला म्हणून पाय कळला असं झालं नाही. पुढची सत्तर-पंचाहत्तर वर्षं डॉक्टर मंडळीही साधारण आमच्या मिरजेच्या पोरांसारखंच मानत होती. या रोगात मांसच नासकं होतं, ते भरून येत नाही, त्यावर शस्त्रक्रिया करून उपयोग नाही, असा समज होता. तळव्याला भोक पडायचं, भोकातून पू हाडात उतरायचा, हाडाचे तुकडे बाहेर पडायचे, आणि शेवटी पाय कापायचा. गोळ्या आल्या, डॅप्सोन आलं, जंतू मरू लागले. तरी जंतू मेलेल्या माणसांचे पायही चिघळतच राहिले. हे कोडं होतं.

ते सुटलं तमिळनाडूत, वेल्लोरला. सोडवणारे डॉ. पॉल ब्रँड. यांचा जन्म १९१४ चा, तिथल्याच कोल्ली डोंगररांगांतला. आईवडील मिशनरी. नऊ वर्षांचा असताना मुलाला शिक्षणासाठी इंग्लंडला पाठवलं. वडील इकडेच तापानं गेले. मुलगा डॉक्टर व्हायला तयार नव्हता. त्यानं आधी काही वर्षं सुतारकाम, गवंडीकाम शिकण्यात घालवली. नंतर मन बदललं, लंडनमध्ये बॉम्बवर्षावाच्या काळात शस्त्रक्रिया शिकला आणि १९४६ साली वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात दाखल झाला. ती सुतारकीची वर्षं वाया गेली असं आपल्याकडचे पालक म्हणतील. माझं मत वेगळं आहे. पुढचं सारं त्या सुतारकीतूनच आलं.

चेंगलपट्टूच्या कुष्ठधामात ते पाहुणे म्हणून गेले होते. एका रुग्णाशी हस्तांदोलन केलं, तर त्या वाकड्या बोटांची पकड इतकी घट्ट, की यांचाच हात कळवळला. हात लुळा दिसतोय, पण त्यात काही स्नायू शाबूत आहेत! मग त्यांनी आणि सहकाऱ्यांनी मृत रुग्णांचे हातपाय मन लावून तपासले. दिसलं ते असं: रोग सगळीकडे सारखा नाही. कोपर, मनगट, गुडघ्याची बाहेरची बाजू, घोट्याची आतली बाजू, अशा जिथं नस कातडीच्या अगदी जवळ आणि म्हणून जरा थंड असते, तिथंच ती सुजून निकामी होते. मांसाला काही झालेलं नसतं. निरोप नेणारी तार तुटलेली असते.

पण मग जखमा होतात कशानं? इथं मला ब्रँड यांचा सर्वांत मोठा गुण दिसतो. त्यांनी प्रयोगशाळेत जायच्या आधी माणसांकडे पाहिलं. एकदा एका कोठीचं गंजलेलं कुलूप त्यांना उघडेना. जवळचा एक मुलगा, रुग्णच, पुढे झाला आणि किल्ली फिरवून मोकळा झाला. ब्रँड चकित. मग जमिनीवर रक्ताचे थेंब दिसले. किल्लीनं मुलाचं बोट हाडापर्यंत कापलं होतं, आणि त्याला पत्ताच नव्हता. वेल्लोरला ऑपरेशन झालेल्या रुग्णांसाठी १९५१ च्या सुमारास झोपड्यांची एक छोटी वसाहत उभी राहिली. तिथं प्रत्येक जखमेचा हिशेब ठेवायचा नियम झाला. जखम दिसली की ती कशानं झाली याचा माग काढायचा. गरम भांडं, वहाणेतला खिळा, कुदळीचा दांडा, कंदिलाची काच. एकेक कारण सापडत गेलं. रात्रीतून बोटाचा तुकडा गायब होण्याचं कारण मात्र कळेना. शेवटी पाळत ठेवली. उंदीर येऊन खात होते. झोपलेल्या माणसाला कळत नव्हतं. त्यानंतर घरी परतणाऱ्या रुग्णाला मांजर बरोबर दिलं जाऊ लागलं.

मी हे वाचलं तेव्हा मिरजेचं स्टेशन डोळ्यांपुढे आलं. बोटं झोपेत झडतात, हे आम्ही पोरं म्हणत होतो, त्यात रात्रीचा तपशील तेवढा कुठं कुठं खरा होता!

पायाचं प्रकरण याहून सूक्ष्म. दर वेळी खिळा-काटा नसायचा. धडधाकट पायावर माणूस चालतो तेव्हा नकळत शंभर गोष्टी करतो. टाच दुखू लागली की भार चवड्यावर घेतो, फोड आला की लंगडतो, खडा टोचला की थांबतो. ज्याला काहीच कळत नाही, तो त्याच जागी, त्याच जोरानं, दिवसभर हजारो पावलं टाकत राहतो. आतलं मांस आधी चेचतं, मग फुटतं. फुटलेल्या जागेवरच तो पुन्हा चालतो. जंतू हाडात पोचतात. हाड आतून विरघळत, झिजत, तासलेल्या पेन्सिलीसारखं निमुळतं होतं, आणि पाय आखूड होत जातो. म्हणजे बोटं झडत नसतात. पुवानं खाल्लेलं हाड शरीर शोषून घेतं.

पुरावा काय? प्लास्टर. तळव्याची वर्षानुवर्षं न भरलेली जखम प्लास्टरमध्ये गुंडाळून भार वाटून दिला, की ती काही आठवड्यांत चारचौघांच्या जखमेसारखी भरून यायची. ही युक्ती आधी सिलोनमध्ये डॉ. मिलरॉय पॉल यांनी वापरली होती. वेल्लोरला तिचा अर्थ लागला. नासकं मांस असतं तर भरलं कसं असतं? नासकं काही नव्हतंच.

इथून पुढे सुतार कामाला लागला. पू थांबल्यावर उरलेल्या हाडांतून चालण्याजोगा पाय उभा करायचा. गुडघ्याजवळची नस गेली की पाऊल वर उचलता येत नाही, चवडा लोंबतो आणि फरफटतो. अशा वेळी पायाच्या आतल्या बाजूचा, पाऊल आत ओढणारा एक धडधाकट स्नायू असतो, त्याची दोरी सोडवून पावलाच्या वरच्या अंगाला नेऊन बांधायची. ज्यानं पाय आत ओढायचा, तो आता वर उचलू लागतो. माणसाला हे नवं काम शिकावं लागतं, आठवडेच्या आठवडे. जिथं सांधे खिळखिळे होऊन पाऊल वाकडं झालं असेल, तिथं हाडांची टोकं तासून सरळ जुळवायची आणि एकमेकांत जोडून टाकायची. सांधा हलत नाही, पण पाऊल जमिनीवर सपाट बसतं. हे सगळं करूनही वहाण वाईट असली तर वर्षभरात पुन्हा भोक. म्हणून वेल्लोर आणि जवळच्या करिगिरीच्या संस्थेत चांभारकामाचे विभाग उघडले, बारीक छिद्रांचं मऊ मायक्रोसेल्युलर रबर तयार करून घेतलं, आणि त्याच्या चपला रुग्णांना दिल्या.

हे एकट्या ब्रँड यांचं काम नव्हे. करिगिरीला डॉ. अर्नेस्ट फ्रिट्ची होते. आपल्या मुंबईत जे. जे. रुग्णालयात डॉ. नोशीर अंतिया यांनी, इतर प्लास्टिक सर्जन ज्यांना हात लावायला कचरत, त्या रुग्णांवर शस्त्रक्रिया केल्या. त्याच काळात वरोऱ्याला बाबा आमट्यांचं आनंदवन उभं राहत होतं. आणि माझ्या मते या इतिहासातले मोठे मानकरी ते रुग्ण. कोणी अनोळखी तरुण डॉक्टर 'पाय कापून, शिवून बघतो' म्हणाला आणि ते 'बघा' म्हणाले. त्यांची नावं कुठं फारशी सापडत नाहीत.

ब्रँड यांचीच एक हकिगत सांगतो. १९५० च्या दशकात प्रवास करून ते लंडनला पोचले. तब्येत बरी नव्हती. रात्री मोजे काढताना टाचेला काही जाणवेना. सुई टोचून पाहिली. काहीच नाही. म्हणजे आपल्यालाही झाला! रात्रभर हा माणूस जागा. बायकामुलांपासून दूर राहायचं, पुढचं आयुष्य कसं, हेच विचार. सकाळी पुन्हा सुई टोचली, आणि कळ डोक्यापर्यंत गेली. प्रवासात एका जागी फार वेळ बसल्यानं पायाला तात्पुरता बधिरपणा आला होता, एवढंच. त्या कळीसारखा आनंद आयुष्यात झाला नाही असं ते सांगत. मी हे वाचलं त्या रात्री, दिवा मालवल्यावर, उजव्या टाचेला टाचणी टोचून पाहिली. सकाळी पुन्हा टोचली. माझ्या बाबतीत काही फरक पडला नाही.

१९६६ साली ब्रँड अमेरिकेत गेले, लुइझियाना राज्यात मिसिसिपी नदीकाठच्या कारव्हिल गावी, तिथल्या सरकारी कुष्ठरुग्णालयात. आजूबाजूच्या शहरांतले डॉक्टर त्यांना मधुमेह्यांचे पाय दाखवू लागले. तीच जागा, तसंच भोक, तसंच हाड. फरक एवढाच, की इथं नस जंतूनं नव्हे तर साखरेनं मारलेली. आणि पुष्कळ मधुमेह्यांत रक्तवाहिन्याही अरुंद होतात, त्यामुळे काम आणखी अवघड. पाऊलच आतून खचून होडीच्या बुडासारखं होतं, तो विकार पॅरिसच्या शार्को यांनी १८६८ साली दुसऱ्याच रोगात वर्णिला होता. मधुमेहाशी त्याचं नातं १९३६ मध्ये जोडलं गेलं. कारव्हिलला वेल्लोरचं प्लास्टर आणि वेल्लोरच्या चपला मधुमेह्यांच्या पायांना लागू पडल्या. आणि १९८० च्या दशकात तिथंच दोन्ही प्रकारच्या रुग्णांचे तळवे नायलॉनच्या केसांनी तपासून एक गोष्ट ठरली. जो केस १० ग्रॅम जोर लागला की वाकतो, तो ज्याला जाणवतो त्याचा पाय बहुधा सुरक्षित. ज्याला जाणवत नाही, त्याचा धोक्यात. माझ्या डॉक्टरांच्या खिशात होता तो हाच केस.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत देशात सुमारे १० कोटी १० लाख मधुमेही असल्याचा अंदाज आहे. या केसाची किंमत फार नाही, आणि तपासायला दोन-चार मिनिटं पुरतात. चौदा वर्षांत माझी साखर किती वेळा तपासली याची फाइल आहे. बूट काढायला मात्र मला त्याआधी कोणी सांगितलं नव्हतं, आणि मीही कोणाला विचारलं नव्हतं.

माझं दुसरं ऑपरेशन २०१२ साली झालं. मधल्या काळात माझ्याही पावलाची कमान खचली होती, शार्को यांनी सांगितलं तशीच. हाडातला पू पूर्ण गेला याची खात्री झाल्यावर सर्जननी खचलेली हाडं तासून जुळवली आणि बाहेरून लोखंडी कड्यांचा पिंजरा बसवला. हाडात पू होऊन गेलेला असताना आत लोखंड ठेवणं धोक्याचं, म्हणून बाहेरून. ही कडी सैबेरियातल्या कुर्गानच्या डॉ. इलिझारोव्ह यांची देणगी. ती हकिगत स्वतंत्र भाषणाची आहे. तीन महिने तो पिंजरा घेऊन मी पलंगावर होतो. नातू त्याला 'आजोबांचा टॉवर' म्हणायचा. पिंजरा निघाला, पुन्हा मामांचं प्लास्टर, आणि दिवाळीच्या आधी मी चाललो. पाऊल आखूड झालंय, घोट्यात थोडं ताठ आहे. पण माझं आहे.

शेवटचं प्लास्टर कापताना मी मामांना म्हणालो, "मामा, त्या दिवशी मी पाय मागे घेतला होता."

"घेतात सर सगळे," ते म्हणाले. "माझ्या घरचेसुद्धा पहिली दोन वर्षं माझा डबा वेगळा ठेवायचे."

मग त्यांनी एका चिठ्ठीवर दुकानाचा पत्ता लिहून दिला. काळ्या मायक्रोसेल्युलर रबराच्या चपला, मागे पट्टा, वर चिकटपट्टी. दुकानदारानं जोड काढून ठेवला आणि आवाज खाली आणला. "गुरुजी, तुम्हाला दुसऱ्या रंगात करून देऊ का? या चपला लोक लगेच ओळखतात. त्या लोकांच्या म्हणून."

सौ. माझ्याकडे बघत होत्या. मी दोन जोड घेतले, एक घरात वापरायला आणि एक बाहेर. पुढच्या महिन्यात पुतणीच्या लग्नात बाहेरचा जोड धोतराखाली घालून गेलो. पंगतीत शेजारी बसलेल्या गृहस्थांनी आधी पायांकडे पाहिलं, मग माझ्या हातांकडे, आणि आपलं ताट जरासं पलीकडे सरकवलं.